माल्टाला व्हिसा लागत नाही

१२ एप्रिल १९३९, बुधवार. चौक गाव, भाईंदरजवळ.

मॅबेलचं पत्र आलं. पहिल्या ओळीत ईस्टरच्या शुभेच्छा आणि दुसऱ्या ओळीत जावई गेल्याची बातमी. कार्मेलो फेब्रुवारीत आगबोटीवर तापाने पडला. अलेक्झांड्रियाच्या इस्पितळात नेला, तिथेच गेला, तिथेच पुरला. मॅबेलला कळलं तेव्हा माती होऊन आठवडा झाला होता.

माझ्या बायकोला, टेरेझाला, वाचता येत नाही, म्हणून पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ती चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. मग पडवीत गेली आणि बराच वेळ खोकत बसली. रडताना तिला ठसका लागतो.

चार वर्षांपूर्वी मॅबेल मुंबईच्या इस्पितळात नर्स होती. कार्मेलो आरमारी बोटीवरचा खानसामा, माल्टाचा, विषमज्वराने तिच्या वॉर्डात आला. बरा झाला आणि सरळ इथे येऊन माझ्यासमोर टोपी काढून उभा राहिला. लग्न आमच्या देवळात झालं. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातला एवढासा मुलूख. शाळेत नकाशावर दाखवताना पेन्सिलीचं टोक ठेवलं की तो मुलूख टोकाखाली झाकून जातो. तिथे माझी एकुलती एक मुलगी आणि तीन वर्षांची नात रिटा.

मॅबेलला परत यायचं आहे. सासू कॉन्चेत्ता म्हणते, तू जा, पण माझ्या मुलाची पोर मी सोडणार नाही. तिथल्या पाद्रींनी तोड काढली आहे की मुलीकडचा वडीलधारा माणूस समोर येऊन बोलला तर म्हातारीची समजूत घालता येईल. मॅबेलने लिहिलंय, "बाबा, तुम्ही या. पत्राने हे काम होणार नाही."

शाळेचं दप्तर रोज लिहितो, स्वतःचं कधी लिहिलं नाही. आता कचेऱ्यांची कामं निघणार, तेव्हा काय केलं, कोण काय म्हणालं ते टिपून ठेवायला हवं.

१८ एप्रिल, मंगळवार.

मुंबईला जाऊन आलो. आगबोट कंपनीच्या कचेरीत एक पारशी कारकून आहे, वयस्क, बोलायला गोड. मी रात्रभर मनात धरून बसलो होतो की परमुलखाचा व्हिसा म्हणजे केवढं दिव्य असेल. तो हसायलाच लागला.

"मास्तर, माल्टाला विझा नाय लागते! तुमी ब्रिटिश प्रजा, ते बी ब्रिटिश प्रजा. दरवाजा उघडाज हाय."

मग उघड्या दरवाजाच्या अटी सांगितल्या. पासपोर्ट हवा आणि त्यावर साम्राज्यात कुठेही जायची नोंद हवी. तो ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून, पोलीस चौकशी होऊन मिळतो. देवी काढल्याचा दाखला हवा. तिथे कोणाच्या घरी उतरणार त्याची हमी हवी. आणि बोटीवर चढण्याआधी कंपनीचा डॉक्टर तपासणार.

"काय तपासतो?"

"डोल्यात खुपऱ्या हाय काय, छाती साफ हाय काय. रोगी माणसाला बेटावर उतरू देत नाय, मास्तर. त्याच बोटीत पाछा पाठवते."

घरी येऊन टेरेझाला सांगितलं, व्हिसा लागत नाही, आपण दोघंही जाऊ. भाड्याची सोय मी बघतो.

ती म्हणाली, "तुमी एकटेच जावा. मी काय करू तिथं?"

"पोरीला भेटायचं नाही तुला?"

ती भाताचं पाणी बघायला वाकली. मग म्हणाली, "छाती बघतंत म्हणजे काय करतंत?"

मी सांगितलं, नळी लावून ऐकतात, त्यात भिण्यासारखं काही नाही. कोळ्याच्या घरातली बाई, बाप आणि भाऊ सगळे दर्यावर, आणि आगबोटीला भिते. मी शेतकऱ्याचा मुलगा असून मला भीती वाटत नाही.

३ मे, बुधवार.

टेरेझा आता पडवीत झोपते. ताट, पेला वेगळा ठेवला आहे, स्वतःच घासते आणि उकळत्या पाण्यातून काढते. विचारलं तर म्हणाली, नवस हाय. मॅबेल सुखरूप घरी यावी म्हणून असणार. शेजारच्या शांताबाईच्या सुनेचं बाळ ती दिवसभर मांडीवर घेऊन बसायची, त्यालाही आता दुरूनच बोलावते. रविवारी देवळात गायलाही उभी राहत नाही.

इतकं कडक व्रत मला जमलं नसतं. माझी भक्ती तोंडची, तिची खरी.

१४ मे, रविवार.

देवळातली मिस्सा झाल्यावर बैलगाडी करून भाईंदरला गेलो, पासपोर्टचे फोटो काढायला. बाजारात एका गुजराती माणसाने दुकानामागे पडदा लावून स्टुडिओ केला आहे. पडद्यावर बाग आणि कारंजं. पासपोर्टला पांढरी भिंत लागते म्हणून त्याने पडदा गुंडाळला, तेव्हा टेरेझा हिरमुसली. लग्नातलं लाल लुगडं नेसून आली होती. चोळी फार सैल झाली आहे, पाठीमागे शांताबाईने टाचण्या लावून दिल्या होत्या. उपासांनी माणूस उतरतोच.

"हलू नका, बेन," फोटोवाला सारखा सांगत होता. ऐन वेळी तिला ठसका यायचा. तिसऱ्यांदा जमलं.

मग ती त्याला म्हणाली, "आता तो बागेचा पडदा सोड आणि माझा एक मोठा फोटो काढ. पोरीला द्यायचा हाय."

"अगं, आपण स्वतः जाणार तिच्याकडे," मी म्हटलं. "फोटो कशाला?"

"असू द्या," म्हणाली. "फोटो राहतंय."

हौस आहे, पुरवली. परत येताना गाडीत बसल्या बसल्या झोपली.

९ जून, शुक्रवार.

पोलीस चौकशी झाली. हवालदार भला माणूस. पावसात भिजत आला, चहा घेतला, माझ्या शाळेबद्दल, जमिनीबद्दल विचारलं. गावातले दोन जण जामीन राहिले. मग टेरेझाकडे वळला.

"बाई, माल्टाला कशाला जाता?"

"पोरीला बघायला."

"तिथेच राहायचा विचार नाही ना? परत येणार?"

"हे येतील," ती म्हणाली.

हवालदाराने "दोघेही परत येणार" असं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी सही केली.

२८ जुलै, शुक्रवार.

पासपोर्ट मिळाले! सकाळी घोडबंदरच्या रस्त्याने ठाण्याला गेलो होतो. येताना वरसाव्यापाशी गाडी चिखलात रुतली, उतरून चालत आलो, पण पासपोर्ट सदऱ्याच्या आत कोरडे होते. निळं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, वर सोनेरी शिक्का. टेरेझाने स्वतःचा उघडून फोटो बघितला आणि म्हणाली, "ही तर कोण म्हातारीच हाय."

बोट एकोणीस ऑगस्टची. मॅबेलला पत्र टाकलं. आठ तारखेला डॉक्टरची तपासणी आहे. टेरेझा परत म्हणाली, तुमी एकटे जावा. मी या वेळी रागावलो. आई असून असं कसं बोलवतं, असं म्हणालो. ती बराच वेळ चुलीतली राख सारखी करत बसली. मग म्हणाली, "बरं, येते मी. बघू काय म्हणतो तुमचा डॉक्टर. कधी कधी न्हाय बी कळत त्यांना."

८ ऑगस्ट, मंगळवार.

लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

आधी माझी तपासणी झाली. डोळे, छाती, जीभ. डॉक्टर तरुण आहे, विलायतेहून आलेला. त्याने माझ्या कागदावर सही केली. मग टेरेझाला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसून होतो. फार वेळ गेला. मग मला आत बोलावलं.

टेरेझा खुर्चीत बसली होती, पदर नीट करत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"खोकला कधीपासून आहे?" डॉक्टरने मला विचारलं.

"कसला खोकला?"

"रक्त कधीपासून पडतंय?"

मी म्हटलं, "रक्त नाही पडत तिला."

डॉक्टरने नळी गळ्यातून काढली. "तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना, मास्तर?"

क्षय आहे, म्हणाला. दोन्ही फुप्फुसं. बोटीवर चढू देता येणार नाही, आणि चढू दिलं तरी बेटावर उतरू देणार नाहीत. हवापालट, दूध, अंडी, विश्रांती सांगितली, पण सांगताना कागदावर काही लिहिलं नाही, आणि तेव्हाच मला समजायला हवं होतं.

गाडीत टेरेझा खिडकीकडे तोंड करून बसली. भाईंदरला उतरल्यावर पहिल्यांदा बोलली. "तुमचा कागद झाला ना? मग बरं."

डॉक्टर पोरगेला आहे. चुकलाही असेल.

१० ऑगस्ट, गुरुवार.

चुकला नाही.

शांताबाईला अंगणात गाठून विचारलं. तिने आधी तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मास्तर, होळीच्या आदीपासनं हाय. तिनं मला शपथ घातली व्हती. तिची फडकी मी खाडीवर नेऊन जाळते."

"तू मला सांगायचं नाहीस?"

"तुमाला दिसत न्हवतं काय?" शांताबाई म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती.

मी पडवीत गेलो. टेरेझा लसूण सोलत होती. मी समोर बसलो.

"नवस नव्हता ना?"

"न्हवता."

"का लपवलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी ठाण्याला गेला असतात? पासपोर्ट काढला असतात? डॉक्टर डॉक्टर करत माझ्या उशाशी बसला असतात. आता तुमचा कागद तयार हाय. जावा. पोरीला घेऊन या."

"आणि तू?"

"मी हाय इथंच. शांता हाय. मेले तर मातीला अख्खा गाव हाय. तिला तिथं कोण हाय?"

"मग स्वतः का आलीस तपासायला? माहीत होतं ना?"

लसूण तिच्या हातात तसाच राहिला. "वाटलं, न्हाय कळलं त्याला तर... बघता आलं असतं एकदा."

मी जातो म्हणालो. तिच्यासमोर कबूल केलं.

१८ ऑगस्ट, शुक्रवार.

उद्या बोट आहे आणि मी जाणार नाही.

सकाळी ट्रंक भरली. टेरेझाने मॅबेलसाठी सुक्या बोंबलांचं गाठोडं बांधलं, मसाल्याची बाटली मेणाने बंद केली, रिटासाठी खणाचं परकर-पोलकं ठेवलं. मोठा फोटो कपड्यांच्या मध्ये घातला, काच नसून काच असल्यासारखा. एवढी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मला सगळं पढवत होती. म्हातारीशी चढ्या आवाजात बोलू नका, तिचाबी पोरगा गेलाय. रिटाला एकदम उचलू नका, भिईल. मॅबेलला माझं खरं सांगू नका, बोटीत बसल्यावर सांगा.

मग ट्रंकेचं झाकण लावायला वाकली आणि रक्त आलं. थांबेचना. मी तिला धरून बसलो. शांताबाई धावत आली. टेरेझाच्या हाडांचं वजन हाताला लागत होतं, एखाद्या शाळकरी पोरीएवढं. इतके महिने मी या बाईच्या हातचं जेवत होतो.

थांबल्यावर ती म्हणाली, "झालं. आता जावा, भाईंदरची गाडी चुकेल."

मी गेलो. भाईंदरला तारघरात जाऊन मॅबेलला तार केली: आई आजारी, पुढच्या बोटीने येतो. कंपनीलाही कळवलं. आणि परत आलो.

मला दारात बघून तिला आधी वाटलं काही विसरलं. मग समजलं. ती ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्या पोरीच्या वाटचं तुमी मला दिलंत. कोणी मागितलं होतं?"

एक बोट गेली तर दुसरी आहे. पासपोर्ट पाच वर्षांचा आहे. टेरेझाला जरा आराम पडला की निघेन.

४ सप्टेंबर, सोमवार.

लढाई पुकारली. पाद्रींच्या रेडिओवर ऐकलं. शाळा भरवली, मुलांना नकाशावर पोलंड दाखवलं.

टेरेझाने विचारलं, "माल्टा लांब हाय काय तिथनं?" लांब आहे, म्हणालो. लांब आहेच.

६ नोव्हेंबर, सोमवार.

मॅबेलचं पत्र. तिथे अजून शांत आहे. ती इस्पितळात परत कामाला लागली. फोटो पोहोचला, मी पोस्टाने पाठवला होता. "आई किती सुरेख दिसते, मागे बाग कुठली?" असं विचारते. सासू जरा मऊ झाली आहे. "बाबा, आता आलात तर काम होईल. बोटी अजून चालू आहेत. आईला बरं वाटलं की लगेच निघा."

वाचून दाखवताना हे शेवटचं वाक्य गाळलं. टेरेझा म्हणाली, "आणि?" मी म्हटलं, एवढंच. "एवढंच कसं," म्हणाली, "तुमचे डोळे अजून खाली चाललेत."

मग वाचलं.

त्यानंतर तिने माझ्याशी भांडण सोडून दिलं. तेच मला जास्त लागलं.

२१ जानेवारी १९४०, रविवार.

टेरेझा शुक्रवारी सकाळी गेली. सेंट सबॅस्टियनच्या सणासाठी बाहेर मंडप बांधत होते, त्यांचे हातोडे ऐकू येत होते. शांताबाईने तिला चमच्याने पेज दिली, दोन घोट घेतले. मला म्हणाली, "अवो, दार उघडं ठेवा, वारा येऊ द्या." मी दार उघडून वळलो तेवढ्यात.

काल माती झाली. अख्खा गाव होता, ती म्हणाली होती तसा.

तार करायला जायचं आहे. अजून गेलो नाही.

२९ मे, बुधवार.

आता लढाईमुळे साध्या पासपोर्टवर भागत नाही, देशाबाहेर जायचा परवाना वेगळा लागतो. तो आज मिळाला. फेब्रुवारीपासून खेटे घालत होतो. वय, धंदा, कारण. कारणाच्या जागी लिहिलं, विधवा मुलगी व नात यांस आणणे. साहेबाने वाचलं आणि शिक्का मारला. बोट पंधरा जूनची. शाळेतून रजा घेतली. शांताबाई घर बघेल.

ट्रंक तीच आहे. टेरेझाने घड्या घातलेलं तसंच ठेवलं होतं. फक्त बोंबील काढले, अळ्या झाल्या होत्या.

१२ जून, बुधवार.

सोमवारी इटली लढाईत पडली. दुसऱ्याच दिवशी माल्टावर बाँब टाकले. आज मुंबईला धावलो. कचेरीत गर्दी, सगळे एकाच वेळी बोलत होते. पारशी कारकुनाने मला ओळखलं. काउंटर सोडून बाहेर आला आणि माझा हात धरून बाकावर बसवलं.

"भूमध्य बंद, मास्तर. आता आफ्रिकेला वळसा घालून जाते सगळं. माल्टाला उतारू घेत नाय."

मी त्याला पासपोर्ट दाखवला, परवाना दाखवला, देवीचा दाखला, डॉक्टरची सही दाखवली. एकेक कागद मांडीवर ठेवत गेलो.

त्याने सगळे नीट बघितले. "कागद बराबर हाय तुमचा," म्हणाला. "विझा तो आज बी नाय लागते. पण बोट नाय."

त्याला वाईट वाटत होतं. तोंडातून भलतंच निघतं माणसाच्या.

१ मार्च १९४२, रविवार.

वर्तमानपत्रात रोज माल्टा. आता मुलांना दाखवायला पेन्सिल लागत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे कुठे आहे. मॅबेलची पत्रं येतात ती चार-पाच महिन्यांनी, ओळी काळ्या करून. खडकात खोदलेल्या भुयारात झोपतात. रिटा सहा वर्षांची झाली. मी दर पत्रात लिहितो, रस्ता खुला झाला की पहिल्या बोटीने येतो. दुसरं काय लिहू?

२२ ऑगस्ट १९४२, शनिवार.

मॅबेल एप्रिलमध्ये गेली. इस्पितळावर बाँब पडला. रिटा आजीजवळ आहे.

आज यापेक्षा लिहीत नाही.

३ डिसेंबर १९४६, मंगळवार.

चार वर्षं ही वही उघडली नव्हती. आज जे झालं ते लिहून ठेवायला हवं.

दुपारी शाळा सुटल्यावर अंगणात एक गोरा खलाशी उभा. तिशीतला, नाक उन्हाने सोललेलं. भाईंदरहून चालत आला होता. नाव नीनू, कार्मेलोचा मावसभाऊ. त्याची बोट मुंबईला लागली आहे. मोडकं इंग्रजी तो बोलला, मोडकं मी बोललो.

त्याला वाट विचारावी लागली नाही. म्हणाला, मॅबेल सांगायची, देवळापासून समुद्राकडे उतरायचं, बोंबील वाळवायच्या दोऱ्यांमधून वाकून जायचं, मग शाळा.

मी त्याला पडवीत बसवलं. ती कशी गेली ते विचारलं. त्याने सांगितलं. भोंगा झाला तेव्हा चालते रोगी तळघरात नेले. न चालणाऱ्यांपाशी दोघी नर्स थांबल्या, त्यातली ती एक. मला बरं वाटावं म्हणून बनवलेलं असेल, तर तसंही चालेल.

"रिटा?"

"दहा वर्षांची आहे. मधे वर्षभर बोलायची नाही, फक्त आजीशी बोलायची. आता शाळेत जाते. हट्टी आहे."

मग तो टोपी हातात फिरवू लागला. मी म्हटलं, तुला आणखी काही सांगायचं आहे.

"कॉन्चेत्तामावशीने पाठवलंय मला," तो म्हणाला. "ती भिते. आता बोटी सुरू झाल्या. मुंबईकडून बोट आली की ती पोरीला घेऊन आत गावात बहिणीकडे जाऊन बसते. बोट सुटल्यावर परत येते. लोक हसतात तिला. तिला वाटतं, तुम्ही पोरीला न्यायला येणार."

"का वाटतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मॅबेल शेवटपर्यंत तेच सांगायची, सर. भुयारात बाँबचा आवाज आला की रिटाला मांडीवर घेऊन म्हणायची, तुझे आजोबा निघालेत. त्यांचे सगळे कागद तयार आहेत. पुढच्या बोटीने येतात. पोर रोज विचारायची, आज आली का बोट."

मी उठून आत गेलो. पाणी आणायला गेलो होतो असं त्याला वाटलं असेल. चुलीपाशी भिंतीला हात लावून उभा राहिलो. तोंड धुतलं, त्याच्यासाठी पाणी घेऊन बाहेर आलो.

कायद्याने माझा हक्क किती, म्हातारीचा किती, मला ठाऊक नाही. पासपोर्टची मुदत संपली आहे, पण तो नवा होईल. तिथे जाऊन भांडता येईल. पाद्री माझ्या बाजूने बोलतील कदाचित. रिटा इथे येईल, या पडवीत बसेल. तिचा एक शब्द मला कळणार नाही, माझा एक शब्द तिला. आणि तिकडे एक म्हातारी, जिचा मुलगा गेला, सून गेली, बाँबने घर गेलं, ती बंदराकडे बघत बसेल.

टेरेझा म्हणाली होती, तिचाबी पोरगा गेलाय.

"नीनू," मी म्हटलं, "मावशीला सांग, बहिणीकडे पळू नकोस. मी न्यायला येणार नाही."

त्याला नीट समजलं नाही. मी परत सांगितलं, सावकाश.

"बघायला येईन. तिची हरकत नसेल तर. पोर मला ओळखत नाही, तेव्हा तिला आधी सांगून ठेवा. नाही म्हणाली, तर नाही येणार."

तो उठला आणि एकदम माझ्या हाताचं चुंबन घेतलं, त्यांच्यात वडीलधाऱ्यांचं घेतात तसं. मग त्याने विचारलं, तुम्ही खरंच का नाही आलात तेव्हा, लढाईच्या आधी? मॅबेलने कधी सांगितलं नाही.

"बायको आजारी होती," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. तो निघाल्यावर देवळापर्यंत पोचवायला गेलो.

परत आलो तर शांताबाई दोऱ्यांवरचे बोंबील उलटत होती. वय झालंय, पण काम सोडत नाही. तिने दुरून सगळं पाहिलं होतं.

"कोण व्हता, मास्तर? माल्टाचा?"

"हो."

"मग पोरगी कधी येतंय आपली?"

मी तिच्या बाजूला उभा राहून बोंबील उलटायला लागलो. मला ते काम नीट जमत नाही, टोकं मोडतात. टेरेझा नेहमी हातातून काढून घ्यायची. शांताबाईने काढून घेतलं नाही.

"न्हाय येत," मी म्हटलं. "तिची आजी हाय तिकडं."